नकाशातली पांढरी रेघ

फ्रान्समधलं ओसेर गाव सोडून वीस मिनिटंही झाली नव्हती आणि आम्ही दोघं एका रुंद, गुळगुळीत रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून सायकल मारत होतो. ट्रक डाव्या अंगाने जात होते. जन्मभर उजव्या कानाने ट्रक ऐकायची सवय. इथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे आवाज भलत्याच कानात यायचा आणि दर वेळी काळजात धस्स व्हायचं. सायकलवाल्याला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर सोडायचं असा फ्रान्सचा कायदा आहे. बहुतेक ड्रायव्हर तो पाळतही होते. पण ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याला कायदा कोण सांगणार?

"अगं, डी-रस्ता आहे ना हा! तूच म्हणालीस, डी म्हणजे शांत!" नवरा मागून ओरडला.

म्हणाले होते खरं. फ्रान्समधल्या रस्त्यांना अक्षरं असतात. 'ए' म्हणजे ऑटोरूट, तिथे सायकलला बंदीच. 'एन' म्हणजे राष्ट्रीय मार्ग. 'डी' म्हणजे देपार्तमाँचे, आपल्या भाषेत जिल्ह्याचे. आणि 'सी' म्हणजे कम्यूनचे, ग्रामपंचायतीचे म्हणा. ए-एन टाळायचे आणि डी-सी धरायचे, एवढं सूत्र मी पुण्यात बसून पाठ केलं होतं. आता समोरच्या पाटीवर डी 606 लिहिलेलं होतं. रात्री वाचलं तेव्हा कळलं, की हा पूर्वीचा एन 6. पॅरिसहून लियोंमार्गे इटलीच्या सरहद्दीकडे जाणारा जुना हमरस्ता. 2006 साली सरकारने हजारो किलोमीटर राष्ट्रीय मार्ग जिल्ह्यांच्या ताब्यात दिले. पाट्या बदलल्या, ट्रक तेच राहिले.

आम्हाला तिथे आणलं होतं फोनमधल्या ॲपने. सायकलचं चित्र निवडूनसुद्धा त्याच्या मनात 'यांना लवकर पोचायचंय' एवढंच होतं. ज्या कालव्याच्या वाटेसाठी आम्ही ओसेरला उतरलो होतो, ती उजवीकडे नदीपलीकडच्या झाडांमागून निवांत चालली होती. पुढच्या गावात पूल ओलांडला, फोन पॅनिअरच्या, म्हणजे चाकाशेजारी टांगलेल्या पिशवीच्या, तळाशी टाकला आणि मी हँडलवरच्या बॅगेत कागदी नकाशा लावला. त्यानंतरचे नऊ दिवस रस्ता मी निवडला. नवऱ्याने याला 'सत्तांतर' असं नाव दिलं.

थोडं मागे जाते. माझा नवरा बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल राइड, करणारा माणूस. 20 तासांत 300 किलोमीटर, 40 तासांत 600, असले हिशेब आमच्याकडे जेवताना चालतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हे त्याचं स्वप्न. 1891 साली सुरू झालेली, हल्ली चार वर्षांनी होणारी, 90 तासांत 1200 किलोमीटरची ती राइड. पुणे, मुंबई, नाशिकहून बरेच जण जाऊन आलेत, त्यांच्या गप्पांतून फ्रान्सचे रस्ते आमच्या घरात येत असत. मी सायकल हातात घेतली ती शेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्यांसाठी. पानशेतच्या रस्त्याला पहाटे साडेपाचला जायचं आणि साडेसातच्या आत घरी यायचं, कारण नंतर डंपर सुरू होतात. मला वेगाचं काही नाही. आपल्या सायकलच्या चेनचा आवाज आपल्याला ऐकू यावा, एवढीच माझी इच्छा. म्हटलं, तुझं ते नव्वद तासांचं होईल तेव्हा होईल, आधी एकदा माझ्या चालीने चल. त्याने नऊ दिवस आणि साडेतीनशे किलोमीटर हा आकडा ऐकला आणि "दिवसाला?" असं विचारलं.

व्हिसा, खोक्यात सायकल भरणं, विमानतळावरचं जादा वजन हे सगळं सगळ्यांचंच असतं, ते सोडून देते. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून ओसेरला थेट गाडी आहे आणि डब्यात सायकल ठेवायला जागा असते. (ओसेर असंच म्हणायचं. स्पेलिंगमध्ये 'एक्स' आहे, पण फ्रान्सच्या या भागात, बर्गंडीत, बऱ्याच ठिकाणी त्याचा 'स' होतो. पुढे एक ब्युसी गावही लागलं, त्यातही तीच गंमत. तिकीट खिडकीवर मी 'ऑक्झेर' म्हणाले, बाईंनी मान हलवून ते दुरुस्त केलं आणि मगच तिकीट दिलं.)

नकाशा म्हणजे मिशलिनचा, तीच टायरवाली कंपनी. 1 सेंटीमीटरला दीड किलोमीटर. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि उरलेले पांढरे. तांबडं-पिवळं सोडून फक्त पांढऱ्या रेघा बघत बसलं, की डोळ्यांपुढे एक वेगळाच देश येतो. झाडाच्या पानाच्या शिरा असतात तशी बारीक जाळी. चढ असेल तिथे रेघेवर छोटे बाण असतात, टोक चढाच्या दिशेला. एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, आणि तीन असतील तर उतरून ढकलायची तयारी ठेवायची. रस्त्याच्या कडेला हिरवी पट्टी म्हणजे देखणा रस्ता. हिरव्या पट्टीला मी पहिल्या दोन दिवसांत भुलले. देखणा रस्ता मोटारसायकलवाल्यांनाही देखणाच वाटतो, हे नंतर लक्षात आलं.

इतके छोटे डांबरी रस्ते आले कुठून, हा प्रश्न मला सतत पडायचा. दोन घरं आणि एक गोठा, तिथवरही गुळगुळीत डांबर. कारणं शोधत गेले तर एक धागा 1836 सालच्या कायद्यापाशी गेला. गावागावांना जोडणारे रस्ते राखायची जबाबदारी त्या कायद्याने कम्यूनवर टाकली, आणि त्यासाठी गावकऱ्यांना वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम लावता येई. काम नको तर पैसे भरा. थोडक्यात, सक्तीचं श्रमदान. फ्रान्समध्ये आजही सुमारे 35 हजार कम्यून आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायती 28 हजारांच्या आसपास आहेत आणि माणसं फ्रान्सच्या जवळपास दुप्पट. म्हणजे तिथे चिमूटभर वस्तीलाही आपला महापौर, आपलं चर्च आणि शेजारच्या गावाला जाणारा आपला रस्ता. लांब जाणारी वाहतूक ऑटोरूटने ओढून नेली. पॅरिस-लियोंची सगळी धावपळ ए 6 वर. मागे राहिले हे पांढरे रस्ते, सायकलसाठी मुद्दाम बांधल्यासारखे.

पहिले दीड दिवस निव्हर्ने कालव्याकाठी गेले. ओसेर ते दसीझ हा 174 किलोमीटरचा कालवा. काठाने जुनी वाट आहे, बोटी ओढणाऱ्यांची. कुठे डांबर, कुठे बारीक खडी. मधे मधे बोट चढवायची-उतरवायची पाण्याची पेटी येते, फ्रेंचमध्ये एक्ल्यूज. तिथला माणूस हाताने चाक फिरवून दरवाजे उघडतो, आणि तेवढ्यात शेजारच्या छोट्या घरासमोरचे त्याचे गुलाब बघून होतात. सोसवाच्या उंच चुनखडी कड्यांवर दोर लावून चढणारी पोरं दिसली. शातेल-सांस्वारला मुक्काम केला. सगळं छान होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "छान आहे गं, पण पथ्याच्या जेवणासारखं आहे." मला राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं. पाणी सपाट, वाट सपाट, वळण आलं तरी तेच पाणी. आम्ही कालवा सोडला आणि पहिल्या पांढऱ्या रेघेला लागलो.

वेझलेचं वर्णन करत नाही. डोंगरमाथ्यावरची बासिलिका आहे, 1146 साली बर्नार नावाच्या मठाधिपतीने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक इथूनच दिली, आणि बसगाड्यांचा तळ अर्थातच पायथ्याशी आहे. थोर जागा. पण माझ्या वहीत वेझलेच्या पानावर फक्त 'गाड्या 63' एवढंच लिहिलंय.

ही वही म्हणजे माझा चाळा. पांढऱ्या रस्त्यावर शिरलं की वेळ लिहायची आणि भेटलेली प्रत्येक गाडी मोजायची. नवरा हसायचा. तिसऱ्या दिवशी तोच विचारायला लागला, "किती झाल्या?" वेझलेहून पिएर-पेर्त्यूचा जुना पूल ओलांडून कारे-ले-तोंबला गेलो, तो आकडा मला पाठ आहे. सव्वादोन तासांत 11. त्यात चार ट्रॅक्टर, एक पोस्टाची पिवळी व्हॅन, आणि एक व्हॅन दोनदा, कारण तिचा रस्ता चुकला होता. कारे-ले-तोंबला चर्चच्या भोवती शंभराहून जास्त दगडी शवपेट्या आणि त्यांची झाकणं मांडून ठेवलेली आहेत. कोणाच्या, कशासाठी, यावर तिथे बरेच तर्क चालतात. त्या पेट्यांना टेकून आम्ही चीज-ब्रेड खाल्लं.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण रस्ता शांत कधी असतो याचं सगळ्यात मोठं गुपित तिथे आहे. बारा ते दोन. या वेळात फ्रान्सचं खेडं जेवायला बसतं. दुकान बंद, मेरी (म्हणजे गावाची कचेरी) बंद, ट्रॅक्टर झाडाखाली उभा. कुठे नाइलाजाने पिवळ्या रस्त्यावरून दहा किलोमीटर जायचं असेल तर ते बाराला. आम्ही साडेअकराला बेकरी गाठायचो, तिथेच उभ्याने खायचो आणि देश जेवत असताना रस्ता मारायचो. दुसरं गुपित रविवार. शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते. याची किंमत सोमवारी मोजायची, कारण सोमवारी बेकऱ्या बंद. एका सोमवारी आमचं जेवण म्हणजे एका गावच्या कोपऱ्यावरच्या मशीनमधून पडलेला बॅगेट, तो लांब फ्रेंच पाव. युरोचं नाणं टाकलं, खडखड झाली आणि पाव खाली आला. गरम होता हो.

आणि पाणी. हॉटेल नाही, टपरी नाही, चौकात हापसा नाही. मोर्वां या डोंगराळ भागातल्या चढावर दोघांच्या बाटल्या संपल्या. सायकलवाल्यांच्या गप्पांतून ऐकलं होतं, की पाणी हवं तर दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतो, आणि 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसली तर पाणी घरच्या नळाचंच असतं. नवऱ्याने बाटली भरली आणि गटागट प्यायला. माझा हात पुढे होईना. शास्त्र मला कळतं, पण लहानपणी त्या बाजूने नुसतं जाऊन आलं तरी आजी परसात पाय धुवायला लावायची. शेवटी तहानेने काम केलं. रात्री आईला फोन केला तर ती पहिल्यांदा किंचाळली, "मसणातलं पाणी प्यायलात?" मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "गार होतं का?"

मोर्वां. या भागाबद्दल मी कितीही बोलेन. बर्गंडी म्हटलं की लोकांना द्राक्षमळे आठवतात. मोर्वांत ते नाहीत. ग्रॅनाइटचे बुटके डोंगर, सगळ्यात उंच ओ-फोलँ, तेही 901 मीटर. आमच्या सिंहगडापेक्षा कमी. पण चढ-उतार इतके, की 40 किलोमीटरला दिवस लागतो. पुढे 34 आणि मागे 34 दातांचा गिअर लावून मी बैलगाडीच्या चालीने चढत होते. कुंपणाच्या झुडपांमध्ये पांढरीशुभ्र शारोले गुरं, गवत कापल्याचा वास, आणि रानातून सतत कुक्कू, कुक्कू. आपल्याकडे या दिवसांत पावशा ओरडतो, हा त्याचाच चुलतभाऊ. गाव एका ठिकाणी नाहीच. चार घरं इथे, सहा तिथे, मधे दरी. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, या वाड्या आहेत." मग मला सगळं ओळखीचंच दिसायला लागलं. दगडी गडगे, शेवाळलेली भिंत, वळणावर क्रूस (आपल्याकडे तिथे पार असता), आणि बंद घरं. खिडक्यांची लाकडी झडपं लावलेली, अंगणात गवत गुडघाभर, पण छप्पर शाबूत. म्हणजे कुणीतरी वर्षातून एकदा येतं. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. गणपतीला उघडतात आणि एरवी कुलपात असतात, अशी घरं मला लांबूनही ओळखू येतात.

एका वाडीत एक म्हातारेबुवा लाकडं रचत होते. "बाँजूर" म्हटल्याशिवाय फ्रान्समध्ये कोणाशीही बोलणं सुरू होत नाही, ते म्हटलं आणि पुढचा रस्ता विचारला. माझं फ्रेंच दुसऱ्या पातळीपर्यंतचं, पण त्यांचं उत्तर पूर्ण कळलं. "तिकडे काही नाही, मादाम." आमचे बाबूकाकासुद्धा पुण्याहून आलेल्या ट्रेकवाल्या पोरांना हेच सांगतात. आम्ही तिकडेच गेलो. पाच किलोमीटर, शून्य गाड्या.

प्रत्येक गावात चर्चसमोर पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा स्तंभ असतो. एका ठिकाणी मी नावं मोजली, 38. तीच तीच आडनावं, एकेका घरातली दोन-तीन. स्तंभासमोरच्या गल्लीत चालू घरं मोजली तर नावांपेक्षा कमी. इथल्या न्येव्ह्र जिल्ह्याची लोकसंख्या 1886 च्या सुमाराला साडेतीन लाखांच्या जवळ होती, आज ती दोन लाखांच्या आसपास आहे. दं-ले-प्लासमध्ये आणखी एक स्तंभ आहे; जून 1944 मध्ये जर्मन सैन्याने तिथे 27 माणसं मारली. या रानात प्रतिकार करणारे लपत, म्हणून. त्या गावातून बाहेर पडताना आम्ही बराच वेळ बोललो नाही आणि वहीतही काही लिहिलं नाही.

पण युद्धांच्या आधीपासूनच मोर्वां पॅरिसला स्वतःला पाठवत आलाय. सोळाव्या शतकापासून इथली जळाऊ लाकडं ओढ्यांतून, मग योन नदीतून तराफे करून पॅरिसच्या चुलींपर्यंत जात. आम्ही ज्या सेतों तलावाकाठी दोन रात्री राहिलो, तो तलावसुद्धा सहलीसाठी नाही झाला. 1858 मध्ये धरण बांधून पाणी अडवलं, ते सोडून खालची लाकडं वाहती ठेवायला आणि नदीत बोटी चालाव्यात म्हणून. आणि लाकडांपाठोपाठ दूध. एकोणिसाव्या शतकात मोर्वांच्या बाया पॅरिसच्या श्रीमंत घरांत दाया म्हणून जात. स्वतःचं तान्हं गावी सासूकडे ठेवायचं आणि तिकडे दुसऱ्याचं पाजायचं. उलट दिशेने पॅरिसची अनाथ मुलं मोर्वांच्या घरांत वाढवायला यायची, त्याचेही पैसे मिळत. आलिनी गावात यावर एक संग्रहालय आहे, 2016 साली उघडलेलं. रविवार होता, रस्त्यावर ट्रक नव्हते, आम्ही सामान मुक्कामावर ठेवून हलक्या सायकलींनी जाऊन आलो. परदेशी पैशावर बांधलेल्या बंगल्यांना जसं गावात नाव पडतं, तसं दायांच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या घरांना इथे 'मेझों द ले' म्हणतात. दुधाची घरं. नीटस, दुमजली, शेजारच्यांपेक्षा जरा वर डोकं काढलेली. मला आमच्या आळीतलं ते एक घर आठवलं, ज्याला सगळे अजून 'मन्याडरीचं घर' म्हणतात.

येताना मी गाड्या मोजल्याच नाहीत. नवऱ्याने मोजल्या. सात.

सगळं असं सुरळीत झालं असं नाही. पांढऱ्या रेघेचे दोन प्रकार असतात, दोन्ही कडा अखंड असलेली आणि कडा तुटक असलेली. सेतोंहून ओतँकडे जाताना मी एक तुटक कड अखंड समजले. दीड किलोमीटर डांबर, मग खडी, मग लाकूड ओढणाऱ्या यंत्रांच्या चाकांनी केलेले ढोपरभर चर, त्यात काळं पाणी. मोर्वांतलं जुनं बीच-ओकचं रान तोडून बऱ्याच ठिकाणी डग्लस फर लावलेत, त्यांची तोडणी मोठ्या यंत्रांनी चालते. सोमवार असल्याने तीही चालू होती. तासभर सायकली ढकलल्या. नवरा एक शब्द बोलला नाही, हे जास्त लागलं. बाहेर पडलो तो रस्ता नुकता डांबर मारून खडी पसरलेला. तिथे उन्हाळ्यात अशी डागडुजी चालते. खडी गाड्यांच्या चाकांनीच दबू देतात आणि 'ग्राव्हियों' अशी पाटी लावतात. पाटी मी वाचली, अर्थही मला माहीत होता, पण सांगायच्या आत नवरा उतारावर वळला आणि बसला. कोपर सोललं. मागून आलेल्या पोस्टाच्या व्हॅनमधली मुलगी थांबली, तिने औषधाची पेटी काढली, जखम धुतली आणि वर मला झापलं, की यांना पाटी वाचता येत नसेल तर तुम्ही पुढे राहायला हवं होतं. वहीत त्या दिवशी: गाड्या 9, पैकी एक दवाखाना.

ओतँला रोमन वेशी अजून उभ्या आहेत आणि त्यांच्याखालून मोटारी जातात. तिथे एक शहाणपण केलं. पुढचा कूशपर्यंतचा रस्ता नकाशावर दोन प्रकारे जाता येत होता, सरळ पिवळ्याने किंवा नागमोडी पांढऱ्याने, जवळजवळ दीडपट लांब. नवरा म्हणाला, "पांढरा." बीआरएमवाल्या माणसाच्या तोंडून हे शब्द. मी काहीच बोलले नाही, फक्त पेन्सिलीने रेघ गडद केली. वाटेत सँ-लेजेरजवळ साँत्र कालवा ओलांडला आणि संध्याकाळी ब्युसी गाठलं.

ब्युसी ते क्ल्यूनी हा टप्पा खरं म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध. जिव्री ते क्ल्यूनी हा 44 किलोमीटरचा पट्टा जुन्या रेल्वेमार्गावर 1997 साली तयार झाला, फ्रान्सचा पहिला 'व्हुआ व्हेर्त', हिरवा मार्ग. मोटारींना पूर्ण बंदी. जुनी स्टेशनं अजून उभी, कुठे सायकल भाड्याने देतात तर कुठे नुसतं घड्याळ थांबलेलं. चढ जवळपास नाही, कारण आगगाडीला तो चालत नसे. शांत रस्ता शोधणाऱ्याला कोणीही पहिल्यांदा इथेच पाठवेल, आणि लहान मुलं बरोबर असतील तर मीही पाठवीन. पण आम्ही गेलो तो बुधवार. बुधवारी तिथल्या बऱ्याच मुलांना दुपारी शाळा नसते. आजी-आजोबा, चाकांचे बूट, चाचपडत चालणाऱ्या तीन चाकी, दोरी लांब सोडलेली कुत्री. मोटार एकही नाही आणि तरी नऊ दिवसांत सगळ्यात जास्त ब्रेक मी तिथे मारले. वहीत काय लिहायचं, प्रश्नच पडला. शेवटी 'गाड्या 0, कुत्री 22' असं लिहिलं.

क्ल्यूनीच्या मठातलं जेवढं उरलंय तेवढं बघितलं. 910 साली स्थापन झालेला मठ, क्रांतीनंतर दगडांच्या खाणीसारखा विकला गेला. मुक्कामाच्या घराच्या बाईंना आमचा नकाशा बघायचा होता. पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, की यातल्या निम्म्या गावांत त्या कधी गेलेल्या नाहीत, आणि त्यांचं सगळं आयुष्य इथेच गेलंय.

शेवटच्या सकाळी बुआ-क्लेरचा बोगदा. सुमारे 1.6 किलोमीटर, जुन्या रेल्वेचाच. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात. बाहेर जूनचं ऊन आणि आत शिरल्या शिरल्या अंगावर काटा. मधल्या भागात दोन्ही तोंडं ठिपक्याएवढी दिसतात. तिथे नवऱ्याने पेडल मारणं थांबवलं, मीही थांबवलं. दोन सायकलींच्या फ्रीव्हीलचा कटकट आवाज, छतातून ठिबकणारं पाणी, बाकी काही नाही. त्याचा फ्रीव्हील माझ्यापेक्षा वरच्या सुरात वाजतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बोगद्यापलीकडे बेर्झेचा किल्ला, द्राक्षमळे, त्यामागे सोल्युत्रेचा सुळका, आणि मग माकों. व्हुआ व्हेर्त संपला तिथून स्टेशनपर्यंत काही किलोमीटर शहरातून जायचं होतं. सवयीने वेळ लिहिली, 10.40. पहिल्या चौकात 17, गोलाला वळसा घालेपर्यंत 41. तिथे एक बस माझ्या डाव्या कोपराजवळून गेली, मी वही बॅगेत टाकली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं.